शेवटच्या गड्याची घंटी

कडुनिंब मोहरला की कोणाला गुढी आठवते, कोणाला परीक्षा. मला फोडणीचा वास नसलेली गल्ली आठवते.

अकोल्यात जठारपेठेत मी राहतो त्या खोलीसमोर एक कडुनिंब आहे. फाल्गुन सरताना तो पानं टाकतो, मग तांबूस पालवी येते, मग ती बारीक पांढरी फुलं. सकाळी सायकल काढावी तर सीटवर फुलांचा थर. शेजारचे मास्तर म्हणतात, "काय गोड वास सुटला हो." सुटला आहे, नाही कोण म्हणतो. पण त्या गोडपणाच्या मागे मी दरवर्षी दुसरा वास शोधत असतो. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात तेलात मोहरी तडतडते, तो खमंग भपकारा रस्त्यावर येतो, आणि मग कुठे मी पायडलवर पाय ठेवतो.

ज्या घरात देवी येतात त्या घरात फोडणी देत नाहीत. रोगाला देवी म्हणायचं, अंगभर फोड आले की "माय आली" म्हणायचं, आजाऱ्याला नावानं हाक मारायची नाही, घरात चपला घालायच्या नाहीत, तळण नाही, फोडणी नाही, दाराला कडुनिंबाचा डहाळा. मी अमरावतीत कॉलेजात होतो त्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, परकोटाच्या बाहेरच्या आमच्या भागात एकेका घरानं फोडणी बंद केली. आधी एक घर, मग त्याच्या समोरचं, मग अख्खी गल्ली. ज्यांच्या घरी आजारी नव्हतं त्यांनीही भीतीनं बंद केली. संध्याकाळी चुली पेटलेल्या दिसत, धूर दिसे, आणि वास मात्र कशाचाच नाही. माणसं राहतात आणि त्यांचा वास येत नाही, अशी गल्ली तुम्ही पाहिली नसेल तर पाहू नका.

आम्ही त्या गल्लीतून पळायचो.

आम्ही म्हणजे उस्तादांची पोरं. नामदेवराव उस्ताद हे आमच्या आखाड्याचे वस्ताद. घरची बडनेऱ्याकडे काळी जमीन, पण जीव मातीपेक्षा पोरांच्या पोटऱ्यांत. पहाटे अंधारात आम्हाला मोर्शी रस्त्यानं पळवायचे आणि स्वतः सायकलवर पुढे. गावातल्या टवाळांनी आम्हाला 'पळपुटे मंडळ' नाव दिलं होतं, आणि उस्तादांनी ते आखाड्याच्या भिंतीवर गेरूनं लिहून टाकलं, विषय संपला. दम वाढावा म्हणून पाठीवर वजन बांधायची पद्धत सगळीकडे असते. दुसरीकडे पोरं वाळूची पिशवी बांधतात. उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझी वाळू ओतून टाकली होती.

"वाळू कावून उचलतो बे? वाळू कोनी खात नाई. ज्वारी बांध."

तेव्हापासून आमच्या पाठीवर ज्वारी. पोरगं तगडं होत गेलं की पिशवी मोठी व्हायची. फेरी जिथे संपेल तिथे ज्याला गरज त्याच्या दारात ती रिकामी करायची, उपकाराचा चकार शब्द काढायचा नाही आणि घाम पुसत परत यायचं. कोणी किती दिलं हे कोणाला कळत नसे, कारण जो जितका मजबूत तितका तो देणारच. सभेत शाल पांघरून दान करणारे मी तेव्हाही पुष्कळ पाहत होतो आणि त्यांच्यावर पत्रकं छापत होतो. दंडातून आलेलं दान मी इथेच पाहिलं.

दुसरी रीत घंटीची. अंधारात कोण मागे पडलं हे पुढच्यांना कळावं म्हणून जो सगळ्यात हळू, त्याच्या कमरेला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. घंटी लांब गेली की पुढच्यांनी पाय आवरायचे. तिला टाकून पुढे जाणाऱ्याला उस्ताद आखाड्यात पाय ठेवू देत नसत. घंटी बांधण्यात कमीपणा नव्हता. ती ज्याच्या कमरेला, त्याच्या चालीनं सगळे. मीही पहिले काही महिने ती वाजवलेली आहे.

त्या वर्षी घंटी गजाभाऊच्या कमरेला होती.

गजाभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांचा एकुलता एक मुलगा. बापाची वकिली, अंजनगाव सुर्जीकडे शेती, आणि गजाभाऊ बापाच्या बैठकीत बसून बसून असा गुबगुबीत झालेला की आखाड्याच्या पायऱ्या चढतानाच त्याला धाप लागली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. म्हणाला, "उस्ताद, मले पळायचं हाये."

उस्ताद म्हणाले, "वकीलसाहेबानं घरातून काहाडलं का तुले?"

"मले नाई. तिले."

मग कळलं. त्याच्या बायकोला, कुसुमवहिनींना, देवी आल्या होत्या आणि वकीलसाहेबांनी तिसऱ्या दिवशी बैलगाडी बोलावून त्यांना शेडमध्ये पोचवलं होतं. मोर्शी रस्त्यावर एक बंद पडलेलं जिन होतं. कापसातली सरकी काढायच्या मशिनी कधीच विकल्या गेलेल्या, नुसती टिनाची लांबलचक शेड उरलेली. त्यात आजाऱ्यांना वेगळं ठेवत. ज्यांच्यावर त्या शेडची जबाबदारी होती ते पेज पाठवत, कधी पाठवत, कधी विसरत. ते मजेत जेवत असतील त्या दिवसांत. आत जायला, फाटकाशी उभं राहायलाही घरच्यांना बंदी. राखणदार एकच, सुभानराव, स्वतः लहानपणी देवीतून उठलेला, चेहराभर व्रण, म्हणून त्याला भीती नव्हती. गजाभाऊनं ऐकलं होतं की आमची फेरी त्या शेडच्या फाटकापर्यंत जाते आणि सुभानराव पिशव्या घेतो. फाटकापर्यंत जायची त्याच्यापुढे ती एकच वाट होती.

उस्तादांनी आम्हा सगळ्यांना आधी देवीची लस टोचून आणलं. मग गजाभाऊच्या कमरेला घंटी बांधली.

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण त्या रस्त्याबद्दल मला आजही धड बोलता येत नाही. जिन चालू असताना वर्षानुवर्षं उडालेली रुई रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना अडकून राहिली होती. काट्याकाट्याला पांढरी पुंजकी, जुनी, पावसानं गोठलेली. पहाटेच्या काळोखात बाभूळ दिसत नसे, नुसती ती पुंजकी दिसत, आणि वारा नसला तरी ती हलत. शेतांत वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या, अंगाला अंग घासत. आमचे पाय मातीत थपथप वाजत, आणि सगळ्यांच्या मागे ती घंटी. धापा टाकणाऱ्या माणसाच्या कमरेची घंटी सरळ वाजत नाही. दोनदा भराभर, मग थांबते, मग एकदा. जणू वाजवणारा मध्येच कशाकडे तरी पाहतो आहे.

फाटकाशी सुभानराव कंदील घेऊन यायचा. गजाभाऊ दूरवर उभा राहून विचारायचा, "कशी हाये?"

"हाये," सुभानराव म्हणायचा. "घंटी आली का उठून बसते. म्हणते, आले."

आतून कधी आवाज आला नाही. टिनाच्या भिंतीपलीकडे इतकी माणसं पडलेली आणि एक खोकला नाही. मला वाटे, आत कोणी नाहीच. सुभानराव पिशव्या रिकाम्या करून घडी घालून परत देत होता म्हणून मानायचं की आहेत.

एका पहाटे गल्लीतल्या एका ओट्यावर सूप दिसलं. त्यात ज्वारी, नारळ, हिरव्या बांगड्या. दार बंद. दुसऱ्या दिवशी तीन ओट्यांवर. आठवडाभरात गल्लीच्या दोन्ही बाजूंनी सुपं मांडलेली, दहीभाताच्या वाट्या, खणाचे तुकडे, आणि सगळी दारं आतून कडी लावलेली. आम्ही जवळ आलो की आतली कुजबुज थांबायची. दाराच्या फटीमागे माणसाचा श्वास चालू आहे हे पळतानाही कळतं.

माझी ट्यूब पेटायला वेळ लागला, उस्तादांची आधी पेटली. आमची घंटी या गल्लीला नवी होती, शेड सुरू झाली तेव्हापासूनच आम्ही या वाटेनं पळत होतो. गल्लीला वाटत होतं, देवी फेरीला निघते. अंधारात पायांचा आवाज, तो तिच्या गणांचा, आणि मागून हळूहळू, थांबत थांबत येते ती घंटी तिची. आमच्या दमछाक झालेल्या गजाभाऊची ती चाल. जिथे धाप लागून तो क्षणभर थांबे, त्या घरात लोक रात्रभर जागे.

उस्तादांनी सायकल उभी केली. "उचला रे."

मी म्हणालो, "उस्ताद, ही चोरी आहे."

"कोनाची? देवीची?"

"भीतीची कमाई आहे ही. आपण लोकांना घाबरवून लुटतोय."

"आपुन? आपुन पळून राहिलो बापा. भेते ते लोक." ते नारळ पिशवीत टाकत म्हणाले. "शेडमधी माणसं उपाशी हायेत. तुह्या पत्रकात ज्वारी पिकते का? पिकत असन तर सांग, आत्ता खाली ठेवतो."

मी उचललं. सगळ्यांनी उचललं. आणि शेडमध्ये त्या दिवसापासून दोन वेळचं पोटभर जाऊ लागलं, हे मला नाकारता येत नाही. माझं पित्त खवळत राहिलं ते खवळत राहिलं.

कारण दिवसा मी टोचणाऱ्या बाईंबरोबर त्याच गल्लीत फिरत होतो. कॉलेज बुडवून. बाईंच्या हातात सुईची पेटी, माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. टोचून घ्या, फुकट आहे, दुखत नाही. दारं फटीएवढी उघडत. सगळ्यात मोठं सूप मांडणाऱ्या घरातल्या काकू फटीतून म्हणाल्या, "बाबू, देवी आमच्या दारावरून गेली. आमी कानानं ऐकली. तिचा मान तिले देल्ला. आता सुई टोचून तिले राग कावून आनायचा?"

"काकू, ती घंटी—"

"नाव नको घेऊ," म्हणाल्या आणि कडी लावली.

म्हणजे जी घंटी शेडमधल्यांना जेवू घालत होती ती इथे पोरांना मारायला बसली होती. हे मी उस्तादांना तोंडावर सांगितलं.  खरा प्रश्न गजाभाऊचा होता. तीन आठवडे पळून त्याचं पोट उतरलं होतं, चाल सुधारली होती. आता आमच्यात त्याच्याहून हळू पोरं होती आणि रीतीप्रमाणे घंटी त्यांच्याकडे जायला हवी होती. तो सोडेना. म्हणाला, "तिले दुसऱ्याची चाल कयते. ती उठून बसनार नाई."

"आणि त्या काकूंच्या घरी पोरं आहेत, गजाभाऊ."

"मह्या घरी ती एकटी हाये," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्या काकूंच्या दाराला डहाळा लागला. कोणाला आल्या ते विचारायचं नसतं. दुपारी काकू ओल्या लुगड्यानं ओट्यावर पाण्याची धार धरून बसल्या होत्या आणि त्यांचं धाकटं पोरगं, जे एरवी दिवसा आमच्या मागे 'पळपुटे पळपुटे' ओरडत धावायचं, ते कुठे दिसत नव्हतं. गजाभाऊ आपल्या खिडकीतून ते पाहत होता. संध्याकाळी माझ्या खोलीवर आला, दारातच उभा राहिला.

"छाप," म्हणाला. "मह्या नावानं छाप."

पत्रकाचं वरचं वाक्य होतं: ती घंटी आमची आहे. मी आयुष्यात इतकं साधं वाक्य त्याआधी लिहिलं नव्हतं, आणि आजवरच्या माझ्या सगळ्या गर्जनांत मला तेच बरं वाटतं. बाजाराच्या दिवशी भर उन्हात गजाभाऊ कमरेला घंटी बांधून बाजारभर पळाला, मी मागे पत्रकं वाटत. वकिलाचा पोरगा बैलासारखा घंटी वाजवत पळतो म्हटल्यावर गर्दी जमली. हसले लोक. एकानं विचारलं, "वकीलसाहेब विकून राहिले का हा गोऱ्हा?" गजाभाऊही हसला, घाम पुसत. "हे पाहा, हेच वाजते. मी वाजवतो. देवी नाई, काई नाई. पोरायले टोचून घ्या." वकीलसाहेब कोर्टातून येताना टांग्यातून ते पाहत होते. टांगा थांबला नाही.

भाजीवाल्या एका म्हातारीनं पत्रक घडी करून कमरेला खोचलं आणि मला म्हणाली, "हे तुमची असन बाबू. आमी आयकतो ते अलग हाये."

त्या संध्याकाळी घंटी आखाड्यात खुंटीला टांगली. दुसऱ्या पहाटे आम्ही तिच्याशिवाय निघालो. उस्तादांनी सगळ्यांना घरून जास्तीची ज्वारी आणायला लावली होती, कारण आज ओटे रिकामे असणार हे धरूनच चाललो होतो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाय आपोआप थांबले.

दोन्ही बाजूंचे ओटे भरलेले. कधी नव्हे इतकी सुपं. दहीभातावर ताजा कडुनिंब. आणि दिवे. दारोदार एकेक पणती, नुकती लावलेली, तेल अजून काठोकाठ.

 आम्ही पुढे निघालो. जिनाच्या वळणावर, त्या पांढऱ्या बाभळींच्या मध्ये, गजाभाऊ थबकला. "ऐकलं?"

मी काही ऐकलं नाही. तेव्हाही हेच सांगितलं, आजही हेच सांगतो. पण मी मागे वळून पाहिलं, हेही तितकंच खरं. उस्तादांनीही पाहिलं. रस्ता रिकामा होता, आणि रुईची पुंजकी एकाच दिशेला झुकून, आमच्या मागून कोणी गेल्यासारखी, हलत होती.

फाटकाशी सुभानरावानं नेहमीसारखा कंदील वर केला. "उठून बसली," म्हणाला. "घंटी आली म्हने."

"घंटी खुटीले हाये, सुभानराव," गजाभाऊ म्हणाला.

सुभानरावानं आमच्या कमरा पाहिल्या, एकेकाची. मग पिशव्या घेतल्या आणि आत गेला.

मला कोणी विचारतं, तुम्ही सत्य सांगितलंत, मग काय झालं? झालं ते असं की काही दारं सुईला उघडली. ज्यांनी गजाभाऊला बाजारात पळताना पाहिलं होतं त्यांच्यातली काही. त्या काकूंचं धाकटं गेलं. थोरल्या दोघांना मात्र काकूंनी स्वतः बाहेर आणून दंड पुढे करायला लावला.  आणि बाकीच्यांनी पहाटेची सुपं मांडणं पावसाळ्यापर्यंत सोडलं नाही. आम्ही ती उचलून शेडमध्ये नेत राहिलो, आणि दिवसा तीच दारं ठोठावत राहिलो. ज्याला यात विसंगती दिसते त्यानं माझ्याबरोबर एक पहाट उपाशी शेडपर्यंत पळून दाखवावं, मग बोलावं. अजूनही फाल्गुन आला की वऱ्हाडातल्या गावोगावी मी पेटीवाल्या बाईंबरोबर फिरतो. दार फटीएवढं उघडतं, त्यातून एक डोळा माझ्याकडे पाहतो, आणि मी काही बोलायच्या आत मला रस्त्याच्या टोकाशी कान द्यावासा वाटतो. मी देत नाही.

कुसुमवहिनी वाचल्या. चैत्र संपत आला होता. खपल्या पडल्या, एक डोळा गेला, आणि सोडायचं ठरलं तेव्हा गाडीवाले कोणी तयार होईनात. मग आम्हीच गेलो. सगळे पळपुटे. त्या फाटकातून बाहेर आल्या, पदर डोक्यावर, एकेक पाऊल जपून टाकत. गजाभाऊ त्यांच्या बाजूला उभा राहिला आणि त्यांच्या चालीनं चालू लागला. आम्हीही. त्या एका पहाटे आखाड्यातलं कोणी पळलं नाही.

उजाडताना गल्लीत शिरलो. दारं बंद होती, मग एक उघडलं. मग दुसरं. इतक्या दिवसांत आम्ही तिथे माणसांचे चेहरे पाहिले नव्हते. बायका ओट्यावर आल्या, पदर सावरून, नजर खाली. आम्हाला वाटलं, स्वागत. त्यांनी हात जोडले. कुसुमवहिनींच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याकडे न पाहता एकेक जण जमिनीवर डोकं टेकत होती. पुरुषही. वहिनी पुढे गेल्या की ती पावलं पडलेली माती कोणी चिमटीत उचलत होतं. जिथून त्यांना गाडीत घालून हाकललं त्याच गल्लीत. रागानं माझे कान तापले होते आणि तरी पाठीवरून गार काहीतरी सरकत होतं.

वकीलसाहेब ओट्यावर उभे होते. त्यांनी चपला काढल्या. हात जोडले. "माय," म्हणाले, "शांत होय."

"मामाजी, मी कुसुम हाये."

त्यांनी डोळे मिटून घेतले. आतून सासूबाई तांब्या घेऊन आल्या आणि वाकून त्यांनी वहिनींच्या पायांवर पाण्याची धार धरली. त्यात कडुनिंबाची पानं होती. ती पायांच्या बोटांत अडकून राहिली.

"पायाले नाई, आत्याबाई," कुसुमवहिनी म्हणाल्या. आवाज घोगरा, पण अगदी रोजचा, विहिरीवर बोलावं तसा. "तोंडाले. चालून चालून घसा वाळला."

सासूबाई तशाच वाकलेल्या. पुढे काय करायचं ते कोणत्याच रीतीत नव्हतं. गजाभाऊ पुढे व्हायला निघाला, तर वहिनींनी त्याला हातानं अडवलं आणि स्वतःच सासूच्या हातातून तांब्या काढून घेतला. अख्खी गल्ली पाहत होती. पानं फुंकरून बाजूला केली आणि उभ्यानं, घटाघटा, उरलेलं सगळं पाणी प्यायल्या. हनुवटीवरून ओघळलं ते पदरानं पुसलं.

वकीलसाहेबांचे हात अजून जोडलेलेच होते. वहिनींनी रिकामा तांब्या त्या हातांपुढे धरला आणि धरूनच ठेवला. तो घ्यायचा तर हात सोडावे लागणार होते. बऱ्याच वेळानं त्यांनी ते सोडले.

मग कुसुमवहिनी उंबरा ओलांडून आपल्या घरात गेल्या.